मान टाकलेली बदकं: तीन उन्हाळे चुकल्यावर सापडलेलं कारण

संध्याकाळी खाऊन-पिऊन खुराड्यात गेलेली बदकं सकाळी उठतच नाहीत. डोळे उघडे, श्वास चालू, पण पाय मागे पसरलेले आणि मान ओल्या फडक्यासारखी जमिनीवर. दुपारपर्यंत दोन जातात, दुसऱ्या दिवशी आणखी एक, आणि मग आठ-दहा दिवसांनी सगळं आपोआप थांबतं. पुढच्या वर्षी त्याच सुमारास पुन्हा तेच. तुमच्याकडे नेमकं असंच होत असेल तर हे सगळं वाचा. हिरवी हगवण असेल, नुसती पिल्लंच मरत असतील किंवा शेतातून आल्या आल्या तासाभरात पाच-सहा गेली असतील, तर ‘मान घट्ट असेल तर’ हा भाग आधी वाचा. तुमचा आजार दुसरा असण्याची शक्यता जास्त.

आमचं घर कुडाळ तालुक्यात, वहाळाच्या काठी. घरामागे परडं, परड्याच्या टोकाला गायरी, म्हणजे शेणखताचा उकिरडा, आणि गायरीच्या खाली वहाळाचं एक डबकं, जे मे महिन्यात गुडघाभरही राहत नाही. बदकं खाकी कॅम्पबेल, अंड्यांसाठी पाळलेली. ही मांडणी आधीच सांगते, कारण उत्तर या मांडणीतच होतं आणि ते मला तीन वर्षं दिसलं नाही.

तीन वैशाख

2022 च्या मे महिन्यात आधी कोंबड्या गेल्या. वाडीत मानमोडी आली होती. आमच्या नऊपैकी सहा कोंबड्या आठवड्यात संपल्या. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत अकरा बदकांतल्या चार बदकांनी माना टाकल्या. शेजारचे काका गडग्यावरून वाकून बघून म्हणाले, “तुझ्या बदकांका मानमोडी लागली गो. आता ती जगूची नाय.” कोणालाही तेच वाटलं असतं. रोगाचं नावच मानमोडी, आणि समोर मान मोडलेली बदकं. मी बाजारातून टेट्रासायक्लिनची पूड आणली, पाण्यात घातली. लसणाचा रस, हळद, सगळं झालं. चारही गेली. सासूबाई म्हणाल्या, “गायरीत टाक, खत होतला.” मी टाकली. आमच्याकडे मेलेलं जनावर माडाच्या मुळात किंवा गायरीत, हीच रीत.

2023 ला मी शहाणी झाले होते, म्हणजे मला तसं वाटत होतं. एप्रिलमध्येच बदकांना लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, पाजली. खुराडं चुन्याने सारवलं, पाण्याच्या घमेल्यात पोटॅशियम परमँगनेट. खाद्य बदललं, कणीच्या जोडीला तयार मॅश आणला. नऊपैकी पाच गेली, आदल्या वर्षीपेक्षा एक जास्त. कारण उघड होतं, फक्त मला नव्हतं: लस दिली बदकांना, कोंबड्या तशाच राहिल्या, त्या पुन्हा मेल्या आणि पुन्हा गायरीत गेल्या.

2024 ला पहिल्याच सकाळी तीन पडली. त्यातली दोन मेल्यावर पिशवीत घालून मी एसटीने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. (असं करू नका. का ते पुढे येईल.) डॉक्टरांनी मागच्या अंगणात दोन्ही फाडली. यकृत ठीक, आतडी ठीक, हृदयावर लाल ठिपके नाहीत. मला वाटलं, आता म्हणतील काही कळत नाही. पण त्यांनी गिझार्ड, म्हणजे पक्ष्याचा तो दगडासारखा घट्ट पेषणीचा भाग, उभा चिरला. आत वाळूबरोबर पांढऱ्या अळ्या होत्या. अर्धवट चिरडलेल्या, भाताच्या शितांसारख्या, मूठभर तरी असतील. त्यांनी सुरीच्या टोकावर एक उचलली आणि विचारलं, “चरतात कुठे?”

घरी येऊन मी थेट गायरीवर गेले. वरचा पालापाचोळा खोऱ्याने ओढला तशी खालून गरम वाफ आली. हातभर खाली एक कोंबडी होती, तीन आठवड्यांपूर्वी टाकलेली. पिसं होती, बाकी कोंबडी अशी राहिलीच नव्हती. तिच्या जागी नुसत्या अळ्या खदखदत होत्या. गायरीच्या ज्या बाजूची माती धुपून उतार झाला होता, त्या उतारावर बदकांच्या पायांचे शेकडो ठसे होते. खुराड्यापासून तिथपर्यंत गवत मरून वाट पडली होती. रोज सकाळी दार उघडलं की बदकं कलकलाट करत पळायची, आणि मी म्हणायचे, बघा कशी पाण्याला धावतात.

नेमकं काय होतं

या दुखण्याचं नाव बोट्युलिझम. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू असतो, पक्ष्यांना बाधतो तो मुख्यतः त्यातला ‘सी’ प्रकार. त्याचे बीजाणू तळ्याच्या चिखलात, मातीत, अगदी धडधाकट पक्ष्याच्या आतड्यातही असतात आणि तिथे काही करत नाहीत. त्यांना जागं व्हायला तीन गोष्टी लागतात: ऊब, हवा नसलेली जागा आणि कुजणारं मांस. मेलेल्या कोंबडीच्या पोटात तिन्ही आयत्या मिळतात. जिवाणू वाढतो, विष तयार करतो. माशांच्या अळ्या ते मांस खातात, त्यांना विष बाधत नाही, पण त्यांच्या अंगात ते साठतं. बदक अळ्या खातं. दोन-चार विषारी अळ्यासुद्धा एका बदकाला पुरतात, आणि आमची बदकं तर तिथे जेवायला बसत होती. काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत लक्षणं दिसू लागतात. ते बदक मेलं आणि तिथेच पडलं की त्याच्यात पुन्हा अळ्या. एकातून दहा.

2022 ला मी चार बदकं गायरीत टाकली तेव्हा खत घातलं नव्हतं, पुढचं विरजण लावलं होतं.

हे चक्र मोठ्या प्रमाणावर कसं चालतं ते नोव्हेंबर 2019 मध्ये राजस्थानात दिसलं. सांभर सरोवरावर 18,000 हून जास्त स्थलांतरित पक्षी मेले. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने कारण सांगितलं ते हेच. तिथेही साथ आटोक्यात आणण्याचं मुख्य काम होतं मेलेले पक्षी गोळा करणं आणि पुरणं. औषध फवारून सरोवर स्वच्छ होत नाही.

आता काकांच्या मानमोडीकडे. मानमोडी म्हणजे राणीखेत, तो विषाणू. त्यात कोंबडीची मान पिळवटते, डोकं पाठीवर किंवा एका बाजूला वळतं, ती गोल गोल फिरते. मान हाताने सरळ करायला गेलं तर ताठ लागते, सोडली की पुन्हा वळते. बदकाला हा विषाणू शिवला तरी सहसा ते आजारी पडत नाही. आमच्या बदकांच्या माना पिळवटलेल्या नव्हत्या, लुळ्या होत्या. उचलून धरलं तर डोकं घड्याळाच्या लंबकासारखं हलायचं. पण कोंबड्या मेल्या की मागोमाग बदकं मरतात हे वाडीतल्या जुन्या माणसांचं निरीक्षण शंभर टक्के खरं होतं. फक्त मधला दुवा रोगाचा नव्हता, गायरीचा होता. मी लस घेऊन चुकीच्या प्राण्याच्या मागे लागले होते.

वैशाखातच का, तेही यातच आलं. उन्हाळ्यात मानमोडी जोर करते, कोंबड्या त्याच वेळी मरतात, उष्मा असतो. डबकं आटत आलं की त्यातले मासे मरतात, म्हणजे आणखी एक ठिकाण. मृग लागला, गायरी भिजली, अळ्यांच्या माशा होऊन उडाल्या, की मरणं थांबतात. आणि आपण त्या आठवड्यात जे काही औषध देत असतो त्याला यश मिळतं. माझ्या टेट्रासायक्लिनला पहिल्या वर्षी असंच यश मिळालं होतं. अँटिबायोटिक जिवाणू मारेल, पोटात गेलेलं तयार विष त्याने उतरत नाही.

आज सकाळी पडली असतील तर

सगळ्यात आधी बाकीची चांगली बदकं बंद करा. हे पहिलं, औषधपाणी नंतर. ती मोकळी आहेत तोवर तिथेच जाऊन खाणार.

मग पडलेलं बदक उचलून बघा. बोट्युलिझममध्ये आधी पाय जातात, मग पंख, मग मान. पाय गेलेलं बदक पंखांच्या आधाराने वल्हवत सरकायला बघतं. तुम्ही त्या टप्प्यावर गाठलं तर आशा बरीच आहे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून येणारी ती तिसरी पातळ पापणी अर्ध्यावर येऊन थांबते. अंग तापलेलं नसतं. पिसं सहज हातात येतात, विशेषतः कोंबड्यांची, पण बदकाचीही थोडीशी ओढून बघा. आणि एक गोष्ट मला तिसऱ्या वर्षी कळली: पहिलं पडलं ते सगळ्यात धट्टंकट्टं, सगळ्यांना ढकलून पुढे घुसणारं नर बदक. रोगाच्या साथीत कमजोर आधी जातं असं आपण धरून चालतो. इथे खादाड आधी जातं.

पाण्यात असेल तर लगेच बाहेर काढा. विषाने मरण्याआधी बरीच बदकं मान पाण्यात पडून बुडून मरतात. सावलीत हारा किंवा पाटी ठेवा, तळाला पेंढा. फडक्याची गुंडाळी करून मान त्यावर टेकवा, म्हणजे चोच वर राहील. दर दोन-तीन तासांनी कूस बदला, खालचा पेंढा बदला. उन्हात ठेवू नका, माशा बसू देऊ नका.

पाणी हा नाजूक भाग. तोंडात पाणी ओतू नका. मान लुळी म्हणजे गिळण्याचे स्नायूही गेलेले. पाणी श्वासनळीत जातं आणि बदक तुमच्या हातात मरतं. माझ्या हातात 2023 ला एक असंच गेलं, प्रेमाने पाणी पाजताना. ज्याला थोडं गिळता येतं त्याला चोचीच्या कडेला ड्रॉपरने थेंब थेंब द्या, गिळल्यावर पुढचा. ज्याला अजिबात गिळता येत नाही त्याला नळीने पाणी थेट पोटात सोडावं लागतं. ते डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्या, मग घरी जमतं. पोटात उरलेलं विष बाहेर पडावं म्हणून एप्सम सॉल्ट देतात, पण मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्या, जास्त झालं तर हगवणीने अंगातलं पाणी जातं. यावरचं प्रतिविष असतं, पण घरगुती बदकासाठी ते मिळेल अशी आस धरून बसू नका.

2024 ला एकूण सात पडली. तीन मेली, चार उठली. उठणारी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान उचलू लागली, पाचव्या दिवसापर्यंत चालली. पहिले अठ्ठेचाळीस तास काढले की बहुधा जगतात.

आणि हो, वाडीत कोणीतरी सांगणारच, “मान टाकलीच आहे तर आता सुरी फिरवा, फुकट कशाला घालवता.” नाही. आजारी पक्षी खायचा नाही, विकायचा नाही, त्याची अंडीही नाहीत. कोणत्या कारणाने पडलाय हे त्या क्षणी तुम्हाला खात्रीने माहीत नसतं.

मान घट्ट असेल तर

सगळीच अचानक मरणं अळ्यांची नसतात. मी जे पाहिलंय आणि डॉक्टरांना विचारून घेतलंय ते सांगते.

मोठी बदकं एकामागून एक जाताहेत, हिरवट पाण्यासारखी हगवण, डोळे चिकटलेले, उजेड नको म्हणून कोपऱ्यात तोंड घालून बसतात, पाण्यावर मात्र तुटून पडतात: हा बदकांचा प्लेग. विषाणूजन्य, हर्पिसच्या कुळातला. मेलेल्या नराचं लिंग बाहेर आलेलं असेल तर संशय आणखी पक्का. औषध नाही, लस आहे. आठ ते बारा आठवड्यांच्या वयात टोचतात. एका कुपीत बऱ्याच पक्ष्यांचे डोस असतात, म्हणून चार घरांनी मिळून आधीच दवाखान्यात मागणी नोंदवावी. ऐन वेळी धावून उपयोग नाही, आमच्या भागात बदकं पाळणारे इतके थोडे की कुपी कपाटात ठेवून कोणी वाट बघत नाही.

आदल्या रात्री जेवलेलं, अंगावर मांस असलेलं बदक सकाळी सरळ मेलेलंच सापडतं, चोचीतून चिकट शेंबडासारखं येतं, उरलेल्यांत एखादं लंगडतं आणि सांधा सुजलेला असतो: हा कॉलरा, पाश्चुरेला जिवाणूचा. माणसांच्या कॉलऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. यात मात्र औषध लागू पडतं, लवकर दिलं तर. म्हणून डॉक्टर. यालाही लस आहे, ती तीन-चार आठवड्यांच्या वयापासून देतात.

नुसती पिल्लं, तीन आठवड्यांच्या आतली, कुशीवर पडून पाय सायकल चालवल्यासारखे मारतात, डोकं मागे पाठीकडे ताणतात आणि तासा-दोन तासांत संपतात, मोठ्यांना काही नाही: विषाणूजन्य यकृतदाह. डोकं मागे ताणलेलं पिल्लू पाहिलं की आणखी एका गोष्टीचा संशय घ्या, आणि ती गोष्ट आपल्या कोठीत असते.

ती म्हणजे बुरशी. कोकणात पाऊस लागला की शेंगदाण्याच्या पेंडीला, मक्याला बुरा धरतो. त्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं, आणि घरच्या पाखरांत बदकाच्या पिल्लाइतकं त्याला हळवं क्वचितच काही असेल. हे विष ओळखलंच गेलं ते अशा मरणांतून: 1960 मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पिल्लं मेली, बदकांची पिल्लंही मेली, आणि धागा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत गेला. पुढे कित्येक वर्षं प्रयोगशाळांत हे विष तपासायला एक दिवसाची बदकपिल्लंच वापरत. पेंड उन्हात वाळवली, धुतली, शिजवली तरी विष तसंच राहतं. वास आला, गाठी झाल्या, की ती गायरीत. (हो, गायरीत, पण झाकून.) मागच्या श्रावणात माझी दोन पिल्लं यानेच गेली असावीत. कणगीच्या तळाची पेंड संपवायचा मोह. कोंबड्यांनी तीच पेंड खाल्ली आणि त्यांना काही झालं नाही, म्हणून मीही निर्धास्त होते.

शेतातून आल्या आल्या तोंडातून लाळ, अंगाला कंप, झटके, आणि तास-दोन तासांत तीन-चार गेली: विषबाधा. भातावर टाकलेलं दाणेदार कीटकनाशक बदकाला दाण्यासारखंच दिसतं. आमच्याकडे आणखी एक धोका म्हणजे खेकड्यांसाठी भातात औषध कालवून बांधाच्या बिळांशी ठेवतात. बदक तिथे पोहोचलंच म्हणून समजा. यावर डॉक्टरांकडे ॲट्रोपिनचं इंजेक्शन असतं, पण वेळ मिनिटांत मोजायची. लावणीनंतर शेजाऱ्यांना विचारा, कोणत्या दळ्यात काय टाकलंय. भांडण नको, नुसतं विचारा. बरेच जण सांगतात.

कोरडा मॅश आणि जवळ पाणी नाही, यानेही बदक गुदमरून मरतं. खाद्याच्या दोन पावलांवर चोच पूर्ण बुडेल एवढं पाणी हवंच. खिळे, तारेचे तुकडे गिळून मरतात ती वेगळी. आणि बदक मेलेलं नसून नाहीसंच झालं असेल तर तो कोल्हा किंवा अजगर, त्यासाठी मला विचारू नका, दाराची कडी बघा.

आता ती एसटीची गोष्ट. बदकं आणि कोंबड्या दोन्ही एकदम, मोठ्या संख्येने मरत असतील, किंवा आजूबाजूला कावळे मरून पडले असतील, तर काहीही फाडू नका, काहीही हलवू नका. बर्ड फ्लू बदकात बेमालूम लपतो. बदक कधी काहीच लक्षण न दाखवता विषाणू पसरवत राहतं, कधी झटके येऊन मरतं. भारतात पाळीव पक्ष्यांत तो पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूरला, फेब्रुवारी 2006 मध्ये. केरळात 2014 ला कुट्टनाड भागातल्या बदकांत आला. जानेवारी 2025 मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला आधी कावळे मेले, आणि त्याच महिन्यात रायगडमध्ये उरणजवळच्या चिरनेरला कोंबड्यांत निघाला. हा आजार माणसालाही होऊ शकतो. मी दोन मेलेली बदकं मांडीवर घेऊन भरल्या एसटीत बसले होते हे आता आठवलं की अंगावर काटा येतो. 1962 या क्रमांकावर किंवा जवळच्या दवाखान्यात फोन करा, ते येतील किंवा नमुना कसा आणायचा ते सांगतील. बर्ड फ्लूची पक्की तपासणी भोपाळच्या प्रयोगशाळेत होते, ती तुमच्या-माझ्या नजरेने होत नाही.

बोट्युलिझमच्या बाबतीत एक अडचण सांगून ठेवते. मेलेलं बदक फाडून त्याची ठोस खूण सापडत नाही, सगळं अंग निरोगी दिसतं. पक्की परीक्षा आजारी, जिवंत पक्ष्याच्या रक्तावर प्रयोगशाळेत होते. म्हणून डॉक्टरांना नुसतं मेलेलं दाखवू नका, पडलेलं पण जिवंत असलेलंही दाखवा, आणि कुठे चरतं ते न विचारता सांगा. माझ्या वेळी ‘काहीच सापडत नाही’ हीच अर्धी खूण होती, उरलेली अर्धी गिझार्डमध्ये होती.

पुन्हा होऊ नये म्हणून मी काय बदललं

त्याच दिवशी संध्याकाळी दोघांनी मिळून गायरी उपसली. तोंडाला फडकं, हातांत रबरी मोजे. तीन कोंबड्यांची हाडं-पिसं, एक घूस आणि माशांची टाकलेली डोकी निघाली. शेवटची माझीच, कारण मासे साफ केले की डोकी-आतडी तिथे टाकायचा नेम. सगळं विहिरीपासून लांब, उंचवट्यावर, कमरेएवढा खड्डा खणून चुना टाकून पुरलं, वर दगड रचले. माडाच्या आळ्यात पुरणं बंद केलं असं नाही, पण वीतभर मातीखाली नाही. बदकाची चोच वीतभर माती सहज उकरते आणि कुत्रं हातभर.

बदकं तीन आठवडे बंद ठेवली. ओरडून जीव घेतला. डबक्यात उरलेले मासे जिवंत होते तेव्हाच काढून घेतले आणि डबकं मातीने बुजवलं. आता उन्हाळ्यात त्यांना अंघोळीला सिमेंटचं टाकं आहे, रोज पाणी बदलते, ते पाणी माडांना जातं.

मग कोंबड्या. मानमोडीची लस आता कोंबड्यांना, वेळेवर: पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा, मग आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी. फेब्रुवारीत सगळ्या वाडीच्या कोंबड्यांना एकदमच टोचून घेतो. काका आधी तयार नव्हते. “बदका तुझी, कोंबडे माझे, माका कित्याक?” म्हणाले. मी त्यांना गिझार्डची गोष्ट जेवताना सांगितली. तयार झाले.

रोज सकाळी दार उघडायच्या आधी परड्यातून एक फेरी, मेलेलं काही पडलंय का बघत. पाच मिनिटं लागतात. उंदीर, बेडूक, आंब्याखाली पडलेलं पाखराचं पिल्लू, काहीही असलं तरी उचलायचं. आंब्याच्या दिवसांत सडक्या आंब्यातही अळ्या असतात. त्या वेगळ्या, त्यांची मला भीती नाही. मांसावरची अळी तेवढी वाईट.

गायरीवर मालवणहून आणलेलं जुनं मासेमारीचं जाळं बांबूंवर ताणून घातलंय. शेण टाकायला एका बाजूने उचलता येतं. 2025 चा आणि त्यानंतरचा, दोन्ही वैशाख गेले, मान कोणी टाकली नाही. जाळं मात्र पावसाळ्याआधी एकदा तपासावं लागतं, उंदीर खालच्या कडेला कुरतडतात, आणि बदकाला डोकं घालायला चार बोटांचं भोक पुरतं.